पावाचे वजन, शेजाऱ्याची भिंत आणि इंग्लंडचा कायदा

मॅग्ना कार्टाचा, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या हक्कांच्या सनदेचा, विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना त्याचे ३९ वे कलम आठवते. बरोबरीच्या लोकांनी दिलेल्या निर्णयाशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणाही मुक्त माणसाला पकडता येणार नाही, हे त्या कलमाचे सार शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत सगळीकडे येते, आणि ते यायलाही हवे. माझी तक्रार एवढीच आहे की १२१५ च्या त्या सनदेतील ६३ कलमांपैकी ज्यांचा सामान्य इंग्रज माणसाशी रोज संबंध येत होता, त्यांच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. ३५ वे कलम म्हणते की संपूर्ण राज्यात वाइनचे, एलचे (ही बिअरसारखी धान्याची दारू) आणि धान्याचे माप एकच असावे, धान्यासाठी लंडनमधील क्वार्टर हे माप धरावे आणि कापडाचा पन्हाही ठरलेला असावा. २० वे कलम म्हणते की दंड अपराधाच्या प्रमाणात असावा, व्यापाऱ्याचा माल आणि कुळाचे शेतीचे साधन त्यातून वगळावे, आणि तो दंड आसपासच्या भल्या माणसांनी शपथेवर ठरवावा. इंग्लंडमध्ये कायद्याला जी पाळेमुळे फुटली, ती मला ३९ व्या कलमापेक्षा या दोन कलमांतच अधिक दिसतात. राजाला कागदावर बांधून ठेवण्याचे प्रयत्न इतर देशांतही झाले होते. पावाचे वजन, एलचे माप आणि शेजाऱ्याची भिंत यांवरून माणसे शतकानुशतके शपथेवर साक्ष देत राहिली आणि त्याची लेखी नोंद होत राहिली, ही गोष्ट मात्र राजाच्या सहीने साध्य होणारी नव्हती.

पावापासूनच सुरुवात करतो. तिसऱ्या हेन्रीच्या काळात, परंपरेने १२६६ चा मानला जाणारा, पाव आणि एल यांच्याविषयीचा एक कायदा आहे. त्यात पावाची किंमत न बदलता वजन बदलत असे. पाव नेहमी एक फार्दिंगला, म्हणजे पेनीच्या चौथ्या हिश्शाला विकायचा. गहू महागला की पाव लहान होणार आणि स्वस्त झाला की मोठा. एक क्वार्टर गव्हाला १२ पेनी पडत असतील तर वॅस्टेल जातीच्या पांढऱ्या पावाचे वजन ६ पौंड १६ शिलिंग असले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. वजन चक्क नाण्यांत दिलेले आहे, कारण चांदीची पेनी हेच तेव्हा विश्वासार्ह वजन होते. भटारखानेवाल्याला मिळकत किती व्हावी हेही त्यात नमूद आहे: प्रत्येक क्वार्टरमागे ४ पेनी, उरलेला कोंडा आणि वर दोन पाव. याशिवाय नोकरांची मजुरी, मीठ, मेणबत्ती आणि सरपण यांचा खर्च वेगळा धरलेला आहे. तेराव्या शतकात एखाद्या लिपिकाने पाव भाजताना जळणाऱ्या मेणबत्तीचाही हिशेब मांडला होता, ही गोष्ट मला त्या काळातील कित्येक लढायांहून अधिक बोलकी वाटते.

किमतींवर सरकारी नियंत्रण म्हटले की आज लगेच नाक मुरडले जाते आणि त्याची कारणे मलाही ठाऊक आहेत. परंतु हा कायदा नीट पाहिला तर त्याने गव्हाच्या भावाला हातच लावला नव्हता. गव्हाचा भाव बाजारात ठरत असे. कायदा फक्त गहू आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा नफा बांधून देत असे. त्या काळच्या नगरवासीयाला दाण्याचा भाव आवर्जून चौकशी केली तर कळू शके, पण हातातला पाव हलका आहे की नाही हे नुसत्या अंदाजाने कळणे कठीण होते, आणि फसवणुकीला वाव होता तो नेमका तिथेच. हा कायदा लंडनमध्ये १८२२ पर्यंत आणि देशात इतरत्र १८३६ पर्यंत या ना त्या रूपात टिकून राहिला. निव्वळ मूर्खपणाची व्यवस्था साडेपाचशे वर्षे टिकत नाही, असे माझे मत आहे.

फसवणूक अर्थातच होत होती, आणि तिच्यात कल्पकताही होती. १३२७ मध्ये लंडनच्या जॉन ब्रिड या भटाऱ्यावर खटला झाला. त्या काळी पुष्कळ लोक घरी कणीक मळून ती भाजण्यासाठी भट्टीवर आणत. ब्रिडने कणीक ठेवायच्या मेजाला एक भोक पाडले होते आणि त्याला खालून बेमालूम झडप बसवली होती. गिऱ्हाइकाने कणीक मेजावर ठेवली की मेजाखाली दडून बसलेला घरातला माणूस ती झडप उघडून थोडी थोडी कणीक खाली ओढून घेई, आणि गिऱ्हाईक समोर उभे राहून आपल्याच पिठाची चोरी पाहत असे. चौकशीत आणखीही काही भटाऱ्यांकडे अशी मेजे सापडली. ज्यांच्या मेजाखाली कणीक मिळाली त्यांना पिलरीत, म्हणजे मान आणि हात अडकवणाऱ्या लाकडी चौकटीत, गळ्यात तीच कणीक लटकवून उभे करण्यात आले. शिक्षेचा हा प्रकार आपल्याला रानटी वाटतो. पण ज्या शहरात माणसाचा धंदा त्याच्या नावावर चालतो, तिथे चार गल्ल्यांतील गिऱ्हाइकांनी त्याला त्या अवस्थेत पाहणे हीच खरी शिक्षा होती.

एलची गोष्ट याहून निराळी आणि माझ्या मते अधिक शिकवणारी आहे. हॉप्स, म्हणजे पेय टिकवणारी कडवट फुले, न घालता केलेली एल थोड्याच दिवसांत आंबट होते, त्यामुळे ती साठवून ठेवता येत नसे. घरात जास्त झाली की उरलेली विकायची. हे काम बहुतांशी बायका करीत. दारावर काठी आणि तिला झुडपाची जुडी लावली की आज इथे एल तयार आहे हे सगळ्यांना कळे, आणि गावाने नेमलेल्या एल-चाखणाऱ्यालाही कळे. (या काठ्या पुढे इतक्या लांबल्या की १३७५ मध्ये लंडनने त्या रस्त्यावर ७ फुटांपेक्षा जास्त पुढे येऊ नयेत असा हुकूम काढला.) स्थानिक न्यायसभांच्या नोंदी वाचताना एक गमतीची गोष्ट लक्षात येते. त्याच त्या बायकांना, त्याच त्या कारणासाठी, वर्षानुवर्षे, जवळजवळ तेवढाच लहानसा दंड झालेला दिसतो. कोणी सुधारत नाही आणि कोणी सुधारेल अशी अपेक्षाही दिसत नाही. इतिहासकार फार पूर्वीपासून सांगत आले आहेत की हा नावाला दंड असला तरी प्रत्यक्षात परवान्याचे शुल्क होते. आपल्या दृष्टीने ही ढोंगबाजी आहे. पण त्या दंडामुळे एल कोण विकते याची यादी दरवर्षी आपोआप तयार होत असे, माप तपासण्याचे निमित्त मिळे आणि न्यायसभेच्या मालकाला, म्हणजे बहुधा जमीनदाराला, उत्पन्न मिळे. एलगृहांना रीतसर परवाने देण्याचा कायदा १५५२ मध्ये आला. गावे आणि नगरे त्याआधी जवळपास तीनशे वर्षे तेच काम दंडाच्या नावाखाली करीत होती.

हे सारे करीत होते कोण? पगारी पोलीस नव्हते, सरकारी वकील नव्हते. १२ वर्षांवरील साधारण प्रत्येक पुरुषाला गटात बांधलेले होते, आणि गटातील एकाने गुन्हा करून पळ काढला तर बाकीच्यांना दंड भरावा लागे. चोर दिसल्यावर आरडाओरडा करून पाठलाग करणे ही सक्ती होती. जो ओरडला नाही त्यालाही दंड, आणि जो विनाकारण ओरडला त्यालाही. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने नगरांचे दरवाजे सूर्यास्ताला बंद करायला लावले, उन्हाळ्याच्या रात्री प्रत्येक वेशीवर पहारा ठेवायला सांगितला आणि १५ ते ६० वयाच्या पुरुषांनी आपल्या ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगावे असा नियम केला. हा कायदा राजाने केला, पण त्याचा खर्च आणि कष्ट मात्र गावावर टाकले. मध्ययुगीन इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेचे मला वाटणारे सर्वांत मोठे चातुर्य हेच आहे, आणि सर्वांत मोठा कंजूषपणाही हाच आहे.

कॉरोनर हे पद या कंजूषपणाचा उत्तम नमुना आहे. ते ११९४ मध्ये निर्माण झाले, तेव्हा पहिला रिचर्ड कैदेतून सुटून आला होता आणि त्याच्या खंडणीपायी राज्याचा खजिना रिकामा झाला होता. संशयास्पद मृत्यूचा पंचनामा करणे हे कॉरोनरचे काम, पण त्यामागे मृताविषयीच्या कळवळ्यापेक्षा राजाच्या वसुलीची काळजी अधिक होती. ज्या वस्तूमुळे मृत्यू झाला, मग ती गाडी असो वा घोडा, तिची किंमत ठरवून ती राजाच्या खात्यात जमा होई. ही पद्धत १८४६ मध्ये, रेल्वेच्या अपघातांत माणसे मरू लागल्यावर आणि पंच इंजिनांवर मोठमोठ्या रकमा बसवू लागल्यावर, घाईने रद्द झाली. याच पदाने पुढे समुद्र ओलांडला. १८७१ च्या कायद्याखाली मुंबईत कॉरोनर काम करीत असे आणि विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीपर्यंत ते पद तिथे टिकून होते. खंडणी फेडणाऱ्या एका राजाची सोय म्हणून जन्मलेले पद मुंबईत सातशे वर्षांनी बेवारस प्रेतांची चौकशी करीत होते.

आता भिंतीकडे येतो, कारण शहर म्हणजे काय हे तिथे कळते. लंडनमध्ये बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधिकाळापासून बांधकामाचे नियम होते. शहराचा पहिला मेयर हेन्री फिट्झएल्विन याच्या नावाशी ते जोडले जातात. दोन घरांमधील सामाईक दगडी भिंत ३ फूट जाड असावी आणि त्यासाठी प्रत्येक शेजाऱ्याने दीड फूट जागा द्यावी. शौचकूप दगडाने बांधलेला असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट दूर असावा आणि नसेल तर साडेतीन फूट. तक्रार आली की मेयर आणि आल्डरमन, म्हणजे नगरसभेचे ज्येष्ठ सभासद, स्वतः जागेवर जाऊन पाहणी करीत. चौदाव्या शतकातील या तक्रारींच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि त्यांच्याइतके जिवंत वाचन फार थोडे असेल. ॲलिस वेड नावाच्या बाईने आपल्या माडीवरील शौचालयाची लाकडी नळी थेट पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडली. ते गटार शेजाऱ्यांच्या घरांखालून जात असे, ते तुंबले, दुर्गंधी सुटली आणि ४० दिवसांत नळी काढण्याचा निकाल झाला. १३३३ मध्ये अँड्र्यू ऑब्री आणि त्याची बायको जोन यांनी तक्रार केली की शेजाऱ्यांनी शौचकूपाभोवतीचा आडोसा काढून टाकल्यामुळे तिथे बसणाऱ्यांचा खालचा भाग दिसतो, आणि ही गोष्ट किळसवाणी आणि पूर्णपणे असह्य आहे. हाच ऑब्री थोड्याच वर्षांत लंडनचा मेयर झाला. मध्ययुगीन माणसाला घाणीचे काही वाटत नव्हते, असे जे सर्रास सांगितले जाते, ते या नोंदी वाचल्यावर मान्य करणे अवघड जाते. त्याला घाणीचा तिटकारा होता, म्हणून तर तो न्यायासनापुढे उभा होता.

शेजाऱ्यांच्या या कायद्याची मी एवढी स्तुती करतो आहे, पण त्याची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या कायद्याला शेजाऱ्यांचा पाठिंबा नव्हता, तो कायदा राबवणे राज्याला किती जड जाई, हे १३४८-४९ च्या महामारीनंतर दिसले. मजूर कमी झाले, मजुरी वाढली, तेव्हा १३५१ च्या कायद्याने मजुरी महामारीच्या आधीच्या दरांवर गोठवली. तो राबवायला जमीनदारांमधूनच न्यायाधीश नेमले गेले. हे दंड गावाने ठरवलेले नव्हते, गावावर लादलेले होते, आणि त्यांचा संताप साठत गेला. १३८१ च्या उठावात, वाढीव डोईपट्टीचे निमित्त होऊन, केंट आणि एसेक्समधील लोक लंडनवर चालून आले. वाटेत त्यांनी जमीनदारांच्या न्यायसभांची दप्तरे शोधून शोधून जाळली, म्हणजे त्यांचा राग नेमका कशावर होता हे त्यांना पक्के माहीत होते. तरीही १५ जूनला स्मिथफील्ड येथे उठावाचा म्होरक्या वॉट टायलर याने राजासमोर जी मागणी मांडली, ती कायदा नको अशी नव्हती. विंचेस्टरच्या कायद्याखेरीज दुसरा कायदा नको, असे तो म्हणाल्याची एका समकालीन बखरकाराची नोंद आहे. त्याला नेमके काय अभिप्रेत होते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १२८५ चा तो पहाऱ्याचा आणि शस्त्रांचा कायदा, ज्यात गावकरीच रखवालदार होते, हा एक संभाव्य अर्थ आहे आणि मला तोच पटतो.

मात्र त्याच्या आदल्याच दिवशी, १४ जूनला, त्याच उठावकऱ्यांनी आणि त्यांना सामील झालेल्या लंडनवासीयांनी शहरात राहणाऱ्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून आलेल्या, लोकांना चर्चमधून आणि घरांतून ओढून काढून ठार केले. त्यांतले बरेच जण विणकामासारख्या धंद्यासाठी समुद्रापलीकडून आलेले होते. त्यांच्या बाजूने शपथेवर उभा राहणारा शेजारी कोणी नव्हता, किंवा असला तरी त्या दिवशी पुढे आला नाही. विंचेस्टरच्या कायद्याच्या मजकुरातही हा वेगळेपणा आहेच: रात्री नगरातून जाणाऱ्या परक्या माणसाला पहारेकऱ्यांनी धरून सकाळपर्यंत अडकवून ठेवावे, आणि ज्याने त्याला घरी उतरवून घेतले असेल त्याने त्याच्यासाठी जबाबदार राहावे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.