अठरा दिवस नुसतं पाणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तराला चार दिवस लावले, कारण लगेच लिहिलं असतं तर ते भांडण झालं असतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅन डिएगोहून निघून हवाई, पॅसिफिकमधल्या किरिबाती देशातलं टाबुआएरान, मग फ्रेंच पॉलिनेशियातली रांगिरोआ, ताहिती, बोरा बोरा, नुकु हिवा ही बेटं आणि परत सॅन डिएगो, अशा माझ्या ३५ दिवसांच्या क्रूझवर तो लेख होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: "३५ पैकी १८ दिवस नुसतं पाणी बघायचं आणि सात तासांत बेट 'पाहिलं' म्हणायचं, याला प्रवास म्हणत नाहीत. ही बंद पेटीतली सहल. समुद्र घाण होतो तो वेगळाच. आणि तुमच्या अख्ख्या लेखात त्या बेटांवरचा एकही माणूस नाही." तुम्ही स्वतः मूरेआ बेटावर एक खोली घेऊन तीन आठवडे राहिलात, हेही लिहिलंत.

माणसांबद्दलचं तुमचं म्हणणं सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं आहे. मी सूर्यास्तावर चार परिच्छेद लिहिले आणि टाबुआएरानची ती बाई वगळली. का वगळली ते सांगतो.

टाबुआएरान, म्हणजे जुन्या नकाशांवरचं फॅनिंग बेट, हे प्रवाळाचं कंकणद्वीप आहे. मधे लगून, म्हणजे खाऱ्या पाण्याचं उथळ तळं, भोवती जमिनीची अरुंद कडी, आणि ती कडी समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. डेकवरून जमीन दिसतच नाही, आधी माडांचे शेंडे दिसतात, पाण्यातून थेट उगवल्यासारखे. मोठं जहाज आत जाऊ शकत नाही, म्हणून ते बाहेर थांबतं आणि टेंडर, म्हणजे जहाजावरच्याच लहान बोटी, खिंडीतून आत नेतात. बेटावर दोन हजारांच्या आसपास वस्ती. उतरल्यावर काही बायका चटया, पंखे, शिंपल्यांच्या माळा मांडून बसल्या होत्या. मी एक विणलेला पंखा उचलला आणि वीण बघायला खिशातून वाचायचा चष्मा काढून लावला. बाईंची नजर पंख्यावरून माझ्या चष्म्यावर गेली. त्यांनी खुणेनेच मागितला. लावला, एक काडी कानामागे नीट बसवली, आणि मांडीवरच्या अर्धवट विणलेल्या पंख्याकडे बघितलं. मग पिशवीतून घडी पडून पडून मऊ झालेला एक कागद काढला आणि वाचू लागल्या. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी गिऱ्हाईक म्हणून समोर उभा आहे हे त्या विसरल्या होत्या. माझा दुसरा चष्मा केबिनमध्ये होता, म्हणून तो तिथेच राहू दिला.

हे लिहिलं तर फुशारकी वाटेल, म्हणून गाळलं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर कळलं की त्या संकोचापायी माझ्या लेखातून बेटच नाहीसं झालं.

पण आता तुमच्या 'नुसतं पाणी' या शब्दांकडे येतो, कारण तिथे माझं तुमच्याशी पटत नाही. त्या चष्म्याचा स्क्रू पडला तर तो कुठे मिळणार, हा प्रश्न मला टेंडरमध्ये परत बसल्यावर पडला. त्यांच्याच देशाची राजधानी तारावा तिथून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहे. हवाईतलं होनोलुलू जवळपास दोन हजार. हे आकडे मी आधीही वाचले होते, वाचून काहीही झालं नव्हतं. होनोलुलूहून निघाल्यावर दोन दिवस रात्रंदिवस चालणाऱ्या जहाजातून एक दिवा, एक बोट, एक पक्षीसुद्धा न दिसता तिथे पोचलो, म्हणून ते अंतर अंगात भिनलं. विमानाने गेलो असतो तर झोपेत गेलं असतं.

अंतर मोजायला मला एक साधन सापडलं. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. आणि ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला उत्तर अक्षांश. होनोलुलूला ध्रुव दोन मुठींहून जरासा वर होता. दुसऱ्या रात्री दीड मूठ. तिसऱ्या रात्री एकाहूनही कमी. टाबुआएरानला पोचायच्या पहाटे तो फक्त दोन-तीन बोटं वर असायला हवा होता, पण क्षितिजावरच्या धुरकटात हरवला. लहानपणापासून ज्याला अढळ म्हणत आलो, तो रोज थोडा थोडा बुडताना मी डोळ्यांनी बघितला. दक्षिणेला तोवर त्रिशंकू, म्हणजे सदर्न क्रॉस हा तारकासमूह, चांगला वर आला होता. त्या रात्री मी केबिनमध्ये गेलोच नाही.

पॅसिफिकच्या लोकांनी हा महासागर अशाच खुणांवर पार केला. १९७६ साली होकुलेआ ही जुन्या पद्धतीची दोन होड्यांची जोडनाव हवाईहून ताहितीला गेली, होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय. वाट दाखवणारे माउ पियाइलुग हे मायक्रोनेशियातल्या सतावल बेटाचे. तारे दिसत होते तोवर तारे, नाहीतर लाटांची दिशा. महिन्याहून जास्त लागला. आमच्या जहाजाने तशीच वाट टाबुआएरान आणि रांगिरोआला थांबत आठवड्याभरात कापली. लाटांचं ते वाचन किती कठीण असतं हे मी चार दिवस कठड्याशी उभं राहून करून पाहिलं. वाऱ्याच्या आखूड लाटांखालून दुसरीच एक लांब, संथ लाट दक्षिणेकडून येते, एवढं शेवटी ओळखता आलं. बास, एवढंच. पण ते ओळखायला मला रिकामे दिवस लागले, आणि ते बंदरात मिळाले नसते.

तारखेचंही सांगतो. टाबुआएरान आणि होनोलुलू यांची घड्याळं एकच वेळ दाखवतात, पण तारीख एका दिवसाने वेगळी. १९९५ च्या सुरुवातीला किरिबातीने देशाच्या पूर्वेकडच्या बेटांची तारीख बदलली, म्हणजे सगळ्या देशात एकच वार चालेल. जहाजावर मंगळवार होता, धक्क्यावर बुधवार.

बेटं ओळीने बघण्याचाही एक फायदा आहे. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं आणि त्याच्या कडेचं प्रवाळ वर वाढत राहतं. आधी डोंगर आणि त्याला चिकटलेलं प्रवाळ, मग मधे लगून, शेवटी डोंगर संपतो आणि नुसतं कडं उरतं. ताहिती उंच, हिरवं, अजून तरुण. बोरा बोराचा ओतेमानु ७२७ मीटरचा, भोवती रुंद लगून, डोंगर अर्धा खचलेला. रांगिरोआला डोंगर उरलेलाच नाही, आणि कडं इतकं मोठं की पलीकडचा किनारा दिसत नाही. १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकला खोल भोक पाडलं तेव्हा सव्वा किलोमीटरहून जास्त प्रवाळ-चुनखडी ओलांडल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला. एवढं खोल खचलेलं बेट. हे तिन्ही टप्पे मी एका आठवड्यात बघितले. तुम्ही मूरेआवर राहिलात, तिथून सामुद्रधुनीपलीकडे समोर ताहिती दिसतं, म्हणजे पहिला टप्पा तुमच्याही रोज डोळ्यांपुढे होता.

सात तासांबद्दल तुमचं बरोबर आहे. सात तासांत बेट कळत नाही. ताहितीच्या पापीते बंदरात आम्हाला नऊ मिळाले, त्यातले दोन बाजारात गेले, एक रांगेत. शेवटचा तास तर घड्याळाकडे बघण्यात जातो, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. लेखात मी 'ताहिती पाहिलं' असं लिहिलं होतं. ते वाक्य काल बदललं, आता तिथे 'पापीतेत नऊ तास होतो' असं आहे.

'बंद पेटी' हा शब्द मात्र मला बोचला, आणि तोही प्रवाशांच्या बाजूने नाही. त्या पेटीत शेकडो माणसं राबतात. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून लागू आहे, त्यात २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी असं आहे. विश्रांतीचे तास असे लिहून ठेवावे लागतात, यावरूनच कामाचा अंदाज येतो. आमची केबिन आवरणाऱ्या तरुणाचा सातवा महिना सुरू होता. बोरा बोराला तो अकरा वेळा आला होता, पाय फक्त दोनदा ठेवला होता. सात तासही ज्याला मिळत नाहीत असा माणूस त्याच जहाजावर होता, आणि तोही माझ्या लेखात नव्हता. तुमच्या टीकेत हेही धरा.

घाणीबद्दल माझ्याकडे बचाव नाही. २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली, हे चांगलं झालं. पण बरीच जहाजं जुनंच जड इंधन जाळून धूर पाण्याने धुतात, आणि खुल्या पद्धतीत ते पाणी समुद्रातच सोडतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायलाही आंतरराष्ट्रीय नियमांत मुभा आहे, अट एवढीच की जहाज चालतं हवं आणि ते एकदम न सोडता हळूहळू सोडावं. जहाज नांगरलेलं असतानाही दिवे आणि वातानुकूलनासाठी इंजिन चालूच असतं. बोरा बोराने दिवसाला १,२०० क्रूझप्रवाशांची मर्यादा घातली, ती योग्यच आहे असं मला वाटतं. हे सगळं माहीत असून मी गेलो, आणि तो भार माझ्यावर आहे.

पुन्हा जायचं झालं तर मी आरानुईने जाईन. हे अर्धं मालवाहू, अर्धं प्रवासी जहाज पापीतेहून मार्केसस बेटांवर जातं आणि किनाऱ्यावर सामान उतरवतं, परतताना खोबरं भरून आणतं. त्याची वाट बघणारी माणसं त्या बेटांवर असतात. आमच्या जहाजाची वाट कोणी त्या अर्थाने बघत नव्हतं.

तुम्हाला एक विचारायचं आहे. तीन आठवड्यांत तुमच्या बेटावर एखादी गोष्ट संपली आणि ती येईपर्यंत थांबावं लागलं, असं झालं का? दुकानदार काय म्हणाला, शेजाऱ्यांनी काय केलं? ते सविस्तर लिहिलंत तर मी ते इथेच, माझ्या लेखाच्या खाली, तुमच्या नावाने लावीन.