बांधावरून पाहिलेले कुट्टनाड

केरळला जाऊन आलेल्या मित्रमंडळींच्या फोटोंत हाउसबोट असते, नारळाच्या रांगा असतात, केळीच्या पानात भाजलेला करिमीन मासा असतो. भाताची शेते मात्र सहसा नसतात. यंदा जानेवारीत आम्ही कुट्टनाडात चार दिवस राहून आलो. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की हा प्रदेश हाउसबोटीच्या गादीवर पडून पाहणे म्हणजे तो न पाहण्याचाच प्रकार आहे.

पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या चार नद्या जिथे वेंबनाड सरोवराला मिळतात, तिथला हा सखल भाग. इथली कितीतरी शेते समुद्रसपाटीपेक्षा सुमारे अर्धा ते दोन मीटर खाली आहेत. हे वाचून कळते, पण पटत नाही. ते पटते बांधावर उभे राहिल्यावर. डाव्या हाताला कालव्याचे पाणी बांधाच्या कडेला टेकलेले होते, त्यावरून बोटी जात होत्या. उजव्या हाताला, चांगले पुरुषभर खाली, हिरवेगार भात. त्या रोपांच्या शेंड्यांवरून बोटीचे छप्पर सरकताना दिसले आणि माझ्या पोटात क्षणभर गोळाच आला.

त्याला कारण आहे. मी अलिबागच्या खारेपाटातला. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की काय होते, हे मी लहानपणी पाहिले आहे. एकदा खारे पाणी आत शिरले की पुढची काही वर्षे त्या जमिनीचे नाव काढायचे नाही. त्यामुळे तिथे मी निसर्ग पाहत नव्हतो, बांधच पाहत होतो.

कुट्टनाडात एका बांधाच्या आतल्या सगळ्या शेतांना मिळून ‘पाडशेखरम’ म्हणतात. पावसाळ्यात ती बुडालेली असतात. पाऊस सरला की आतले पाणी उपसून बाहेरच्या कालव्यात टाकायचे, चिखलात मोड आलेले बी फेकायचे आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कापणी करायची. उपशासाठी ‘पेट्टी आणि परा’ नावाचे शंभरेक वर्षांपूर्वीचे तंत्र अजून पुष्कळ ठिकाणी चालते: लाकडी पिंप, आत फिरणारा पंखा आणि वर आलेले पाणी बाहेर सोडणारी लांबट लाकडी पेटी. मोटर तेवढी आता विजेची. एकाच्याच वाट्याचे पाणी काढता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्याशी कितीही वाकडे असले तरी उपसा, पेरणी आणि कापणी एका वेळीच करावी लागते.

यातली बरीच जमीन मुळात सरोवराच्या तळाची आहे. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होऊन त्रावणकोरात धान्याची टंचाई झाली, त्या 1940च्या दशकात जोसेफ मुरिक्कन यांनी चित्तिरा, मार्तांडम आणि राणी हे पट्टे सरोवरातून काढले. नाव त्यांचे झाले. पाण्यात बुड्या मारून चिखल वर काढणारे हात मात्र बहुतांशी दलित मजुरांचे होते. 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या शेतीला जागतिक कृषिवारशाचा मान दिला.

हाउसबोटीचा मूळ अवतार म्हणजे ‘केट्टुवळ्ळम’, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेली, भात वाहून नेणारी नाव. आता तिच्यात एसी लावून माणसे भाताशेजारून नेली जातात आणि तिच्या लाटा भाताच्याच बांधावर आपटतात. बांधावर भेटलेले एक वयस्क शेतकरी, जे पूर्वी काही वर्षे मुंबईत नोकरीला होते, हिंदीत म्हणाले, “बोटवाल्यांना आमचा कालवा लागतो, आमचा बांध त्यांना दिसतच नाही.” प्रत्येक हाउसबोटीच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा बांधदुरुस्तीला गेलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. जे दृश्य विकले जाते, ते त्या बांधामुळेच टिकून आहे.

शेतकऱ्यांची प्रत्येक गोष्ट मला पटली, असेही नाही. समुद्राचे खारे पाणी अडवण्यासाठी 1970च्या दशकात वेंबनाड सरोवरात तण्णीरमुक्कमचा बांध घातला गेला. त्याचे दरवाजे उन्हाळ्यात बंद ठेवले की भात वाचते. पण खारे पाणी न आल्याने जलपर्णी मरत नाही, आणि मासे व कोळंबीची ये-जा अडल्याने मच्छीमारांचे नुकसान होते. खारेपाटातला म्हणून माझा ओढा भाताकडे आहे, हे कबूल. तरी जलपर्णीने पार बुजलेला एक कालवा पाहिल्यावर मच्छीमारांची तक्रार खोटी म्हणवेना.

जाणार असाल तर आलेप्पीहून कोट्टायमला जाणारी सरकारी जलवाहतुकीची बोट धरा. अडीच-एक तासांचा प्रवास आहे आणि भाडे हाउसबोटीच्या तुलनेत नगण्य. दप्तरे घेतलेली मुले, बाजार करून परतणाऱ्या बायका, एखादी सायकल, सगळे त्याच बोटीत असते. मध्ये एखाद्या धक्क्यावर उतरा, परतीच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवा आणि बांधावरून चाला. आम्ही वेळ विचारली नव्हती. दोन तास उन्हात बसलो, आणि त्या शेतकऱ्यांशी गप्पा झाल्या त्या तेवढ्यामुळेच. निघताना त्यांनी मला विचारले, “तुमच्या गावचा बांध आता कोण राखतं?” मी विषय बदलला.