रेशनवरचे ठोके

सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी दांडी मारली. सार असं: देवाने प्रत्येकाला हृदयाचे ठोके मोजून दिलेत. उंदीर ते भराभर उडवतो म्हणून दोन वर्षांत संपतो, हत्ती पुरवून वापरतो म्हणून साठ-सत्तर वर्षं जगतो. तेव्हा पळापळ सोडा, ठोके वाचवा. नाडी मंद, तो शतायुषी.

उंदीर-हत्तीची गोष्ट निव्वळ थाप नाही, म्हणून तर ती खपते. उंदराचं हृदय मिनिटाला ६००च्या आसपास धडधडतं, हत्तीचं तीसेक. आयुष्याशी गुणलं की पुष्कळ सस्तन प्राण्यांचा आकडा १ अब्जाच्या आगेमागे येतो. पण माणसाचा गुणाकार करा की! मिनिटाला ७० आणि ८० वर्षं, म्हणजे जवळजवळ ३ अब्ज. मेसेजमधलं रेशन खरं असतं तर आपला शिधा सत्ताविशीतच संपला असता. शिवाय ही तुलना प्राण्या-प्राण्यांमधली. शेजारच्या जोशीकाकांना ती लावता येत नाही.

‘पळण्याने ठोके वाया जातात’ याचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर मांडू. बैठ्या माणसाची नाडी ७५ धरली तर दिवसाला १,०८,००० ठोके. तोच काही महिने रोज ४० मिनिटं पळाला आणि एरवीची नाडी ६५वर आली, तर पळतानाचे १४०च्या दराने ५,६०० आणि उरलेल्या दिवसाचे ९१,०००. एकूण ९६,६००. म्हणजे मेसेजवाल्यांच्याच हिशेबाने रोज ११,४०० ठोके शिल्लक! सरावलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, एवढीच त्यातली जादू.

विश्रांतीच्या नाडीचा आणि मृत्यूचा संबंध मात्र आहे, तो नाकारायचं कारण नाही. कोपनहेगनमध्ये २,७९८ पुरुषांवर १६ वर्षं नजर ठेवली होती. निष्कर्ष २०१३मध्ये आले. नाडी ५० किंवा कमी असलेल्यांच्या तुलनेत ८१ ते ९० वाल्यांचा मृत्यूचा धोका दुप्पट, ९०च्या वर तिप्पट. व्यायामाची क्षमता हिशेबात धरूनही फरक उरलाच. मला जास्त बोलका वाटतो तो नॉर्वेचा अभ्यास. तिथे सुमारे २९,००० लोकांची नाडी साधारण दहा वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली. आधी ७०च्या आत असलेली ज्यांची नाडी पुढे ८५च्या वर गेली, त्यांचा हृदयविकाराने मरण्याचा धोका ७०च्या आतच राहिलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षांचा कल बघायचा तो यासाठी.

मग गोळी घेऊन नाडी खाली आणली की झालं? तेही करून झालंय. २०१४च्या सिग्निफाय चाचणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या, पण हार्ट फेल्युअर (हृदयाचा पंप कमी पडणं) नसलेल्या १९,१०२ रुग्णांपैकी निम्म्यांना इव्हाब्रॅडीन हे नाडी मंद करणारं औषध दिलं. नाडी दहाएक ठोक्यांनी उतरली. हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हार्ट ॲटॅक काही कमी झाले नाहीत. हार्ट फेल्युअरच्या ठरावीक रुग्णांना याच औषधाचा फायदा होतो, ती गोष्ट वेगळी. वाढलेली नाडी बरेचदा निरोप्या असते: रक्त कमी, थायरॉइड जास्त, सिगारेट, सुटलेला व्यायाम.

राहिला ‘मंद नाडी, शतायुषी’. माझे बाबा ७४व्या वर्षी ऑक्सिमीटरवरचा ४२चा आकडा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. “खेळाडूचं हृदय आहे!” आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळले नाहीत. एकदा दूध उतू जाताना गॅस बंद करायला उठले आणि ओट्याला धरून खालीच बसले. ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला. वरच्या कप्प्याचा संदेश खाली पोचतच नव्हता. पेसमेकर बसवला. तो आता नाडी ६०च्या खाली जाऊ देत नाही. बाबा त्याला हमीभाव म्हणतात.