‘गाडी चालतेय ना, मग ट्रॅकवरही चालेल’: एका फॉरवर्डला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार एवढंच, की पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, जायला वेगळी तयारी लागत नाही. शोरूमची सर्व्हिस झालेली असावी, घाटात हात बसलेला असावा, टायरात हवा दाबून भरावी, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की आपोआप सावरणारी सोय) बंद करावं आणि जायच्या आधी पहाटे बायपासला सराव करून घ्यावा. पैसे असतील तर रिमॅप करा (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवा), काही झालंच तर फुल इन्शुरन्स आहे, आणि रविवारी रात्रीच परत निघालात तर सोमवारी ड्युटीवर हजर. खाली नाव नाही, नुसतं ‘अनुभवी रेसर’. ज्याला-त्याला हा मेसेज पटतोय, कारण त्यात खर्च आणि कष्ट दोन्ही नाहीत.

लिहिणारा एक गोष्ट मात्र साफ विसरला. खान्देशात ट्रॅक नाही. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, यांतलं काहीही धरा, जळगावहून एका बाजूचे हजारेक किलोमीटर तरी होतातच. ज्यांच्याकडे ट्रेलर आणि सोबत मेकॅनिक आहे त्यांचं ठीक. आपण ज्या गाडीत बसून जाणार, तीच ट्रॅकवर पळवणार आणि तिच्यातच बसून घरी येणार. म्हणजे ट्रॅकवर जे टायर आणि जे ब्रेक झिजवायचे, तेच परतीच्या हायवेवर ट्रकांच्या मागे वापरायचे आहेत. पुढचं सगळं या हिशोबानं वाचा.

कुणीतरी त्या मेसेजखाली लिहिलंय, ‘इतकं लांब कशाला, इंदूरजवळ पिथमपूरला जा.’ पिथमपूरचा नॅट्रॅक्स आपल्याला खरंच जवळ आहे, धुळ्याहून शिरपूर-सेंधवामार्गे सरळ रस्ता. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. पण ते वाहन चाचणीचं केंद्र आहे, रविवारी मनात आलं म्हणून गाडी घेऊन आत शिरायची जागा नाही. आणि शिरता आलं तरी लंबगोल ट्रॅकवर पाय दाबून धरल्यानं वळण घेणं आणि ब्रेक मारणं येत नाही. ट्रॅक डेला शिकायचं असतं ते हेच दोन.

आता शोरूमच्या सर्व्हिसबद्दल. जॉबकार्डावर ‘ब्रेक ऑइल – चेक’ अशी खूण असते. तिचा अर्थ डबीतली पातळी बरोबर आहे, एवढाच. त्या ऑइलनं किती पाणी शोषलंय, हे त्या खुणेत नसतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल हळूहळू पीत राहतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्याकडे किती जण बदलतात, ते मिस्त्रीलाच विचारा. नेहमीच्या वापरात याचा त्रास दिसत नाही, म्हणून कुणी लक्षही देत नाही.

मग येतो घाटाचा मुद्दा. घाट उतरणाऱ्या खान्देशी माणसाला ब्रेक शिकवू नका, असं वाचलं की छाती फुगते. कन्नडचा घाट ट्रकांच्या रांगेतून उतरलेला, बिजासनचा घाट पावसात पार केलेला गडी स्वतःला कमी का समजेल? पण भो, घाट आपण उतरतो कसा? दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, इंजिनावर गाडी धरून, ब्रेकला मधूनमधून पाय लावत. चांगला ट्रकवाला तर ब्रेक जितका कमी वापरेल तितका भारी समजला जातो. ट्रॅकवर याच्या बरोबर उलटं चालतं. सरळ पट्ट्यावर वेग वाढवत न्यायचा आणि वळणाच्या तोंडाशी दोन-तीन सेकंदांत तो पाडायचा. हे दर फेरीला चार-पाच ठिकाणी, सलग पंधरा-वीस मिनिटं.

आकड्यात सांगतो. माणसासकट ११०० किलोची गाडी १४० वरून ६० वर आणली, तर सुमारे ६८० किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी घालवावी लागते. सव्वादोन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. त्यातली थोडी हवा खाते, थोडी इंजिन खातं, बाकी सगळी ब्रेकवर. तीच गाडी ६० वरून शून्यावर आणायला याच्या पाव हिश्श्याहून कमी ऊर्जा जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. सव्वादोन लिटर पाण्याचा तो टोप एका वळणापुरता आहे. पुढचं वळण येईपर्यंत डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ठरावीक पाणी शोषलेलं असलं की ही हमी १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला जातं आणि गाडी तशीच पुढे पळते.

दुसरा प्रकार पॅडचा. साधे पॅड फार तापले की त्यांची पकड सुटते. पेडल दगडासारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. हे दोन्ही पायाला वेगळे कळले पाहिजेत. पेडल मऊ झालं तर ऑइलचा प्रश्न, कडक असून थांबत नसेल तर पॅडचा. दोन्हींवर त्या घडीला करायचं एकच: वेग सोडा, पेडल मऊ असेल तर दोन-तीनदा पंप करा आणि त्याच फेरीत पिटात, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागेत, या. ‘अजून एक फेरी मारून बघतो’ म्हणू नका.

म्हणून जायच्या आठवडाभर आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. डब्यावर डॉट ४ किंवा डॉट ५.१ बघा, आणि गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय तेही. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाहीत. पॅड निम्म्याच्या वर शिल्लक असतील तरच निघा, आणि पुढच्या पॅडचा एक नवा जोड डिकीत टाका. मूळ कंपनीचेच असले तरी चालतील. पहिल्या दिवशी रेसिंग पॅडची गरज नाही, ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि तुम्हाला हजार किलोमीटर रस्त्यानं जायचंय. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू काढा. पिटात आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड किंवा लायनर त्यानं दाबून धरले जातात. गिअर टाकून चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. टर्बो गाडी असेल तर लगेच चावी फिरवून बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या.

सर्व्हिसवाल्यांच्या यादीत नसणाऱ्या आणखी दोन गोष्टी. इंजिन ऑइल काठीवरच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा, त्याच्या वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पातळी कमी असली तर पंपाच्या तोंडाशी हवा येते. आणि रेडिएटरमध्ये आपण उन्हाळाभर जे बोअरचं पाणी ओततो, ते काढून ठरलेल्या प्रमाणातलं कूलंट भरा. त्या जड पाण्याचा खार आतल्या बारीक नळ्यांत बसतो. मे महिन्यात भुसावळला ट्रॅफिकमध्ये काटा वर चढणारी गाडी ट्रॅकवर काय करेल, हे सांगायला नको.

‘टायरात ४२ हवा भरा, गाडी ताठ राहते.’ दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीनं आकडा दिलेला असतो, समजा ३३. ही हवा थंड टायरची. ट्रॅकवर आतली हवा ३० अंशांवरून ७० वर गेली, तर ३३ चे आपोआप ३९ होतात. ४२ भरली असेल तर ५० च्या जवळ जाते. तेव्हा टायर मधून फुगतो, कडा जमिनीवर कमी टेकतात आणि पकड जाते. ‘नायट्रोजन भरा, तो वाढत नाही’ हेही त्यातच आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर तोही तितकाच वाढतो. फरक पडला तर एवढाच, की भरलेल्या नायट्रोजनात ओल नसते. कंपनीच्या आकड्यावर सुरुवात करा, सत्र संपल्यावर टायर गरम असतानाच मोजा, चारही सारखे वाढलेत का बघा आणि आयोजकांचा शिकवणारा सांगेल तेवढी काढा. मात्र संध्याकाळी टायर थंड झाले की हवा पुन्हा भरायला विसरू नका. परत येताना डिकीत सामान असणार आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी असा टायर घेऊन जाऊ नका.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याचा सल्ला निव्वळ फुशारकीचा आहे. पहिल्या दिवशी सगळं चालू ठेवा. डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा कुठल्या वळणावर लुकलुकतो ते लक्षात ठेवा. तिथं तुम्ही एक तर आत जास्त वेगानं शिरलात, नाही तर स्टीअरिंग सरळ व्हायच्या आधीच अॅक्सिलरेटर दाबलात. बाजूला शिकवणारा बसलेला नसेल तेव्हा तो दिवाच सांगतो. रिमॅपवर तर शब्द खर्च करावेसे वाटत नाहीत. थांबायची तयारी नसताना जास्त पळायची तयारी करायची, वर वॉरंटीही घालवायची!

बायपासचा सराव मात्र नुसता चुकीचा नाही, गुन्हा आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद वर्षभरापर्यंत. कायदा बाजूला ठेवा. नशिराबाद ते भुसावळ पट्ट्यावर पहाटे काय असतं, हे तिथून जाणाऱ्याला माहीत आहे: केळीनं भरलेले ट्रक, मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर, उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, भिंतीच्या आधी मोकळी जागा असते, झेंडेवाले आणि अॅम्ब्युलन्स उभी असते. यातलं बायपासवर काय आहे?

सराव करायचाच तर उन्हाळ्यात जिनिंगची आवारं रिकामी असतात. मालकाला विचारून, कुणी माणूस-जनावर नाही हे बघून, ४०-५० च्या वेगात एकदा ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच धरा. एबीएस (जोराच्या ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी सोय) चालू झाल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. कित्येकांनी ते कधी अनुभवलेलं नसतं, आणि ट्रॅकवर पहिल्यांदा जाणवलं की घाबरून पाय उचलतात. बसणंही तिथंच नीट करा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. आपल्याकडे एका हातानं, अर्धवट झोपून गाडी हाकायची स्टाइल आहे, ती जळगावातच सोडून जा. झेंडेही घरीच पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे गडबड, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू होऊन पिटात या. काळा तुमच्या गाडीला दाखवला तर तुम्हीच पिटात या.

गाडी रिकामी करा. पायातली मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डावरचा देव, आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची, सगळं काढा. जोराच्या ब्रेकला मॅट पेडलखाली सरकते, बाटलीही तिथंच जाते. देवाला खिशात घ्या, चालेल. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत (खान्देशात कापसाची काही वानवा नाही), पायात पातळ तळाचे बूट आणि डोक्याला पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. सीएनजी किट असेल तर पैसे भरायच्या आधीच आयोजकाला फोन करून विचारा.

इन्शुरन्सचं सगळ्यात गोड स्वप्न शेवटी. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर त्यात सरळ वगळलेला असतो. ट्रॅक डे ही शर्यत नाही, असा वाद घालता येईल. पण ‘वेगाची चाचणी’ हे शब्द तिथंच बसलेत आणि क्लेम पास करणारा माणूस ते वाचूनच आलेला असतो. झिरो डेपनं (झिरो डेप्रिसिएशन कव्हरनं) फक्त घसारा कापला जात नाही, वगळलेली गोष्ट त्यानं आत येत नाही. शिवाय आत शिरताना आयोजक तुमच्याकडून जबाबदारी तुमचीच असल्याची सही घेतो. ती वाचा. भिंतीला लागलेलं बंपर, दिवा आणि रेडिएटर यांचे पैसे खिशातून द्यायची तयारी असेल तरच नाव नोंदवा. हप्त्याची गाडी असेल तर घरच्यांशी आधी बोला.

राहिलं ते रात्रीच परत निघणं. दिवसभर उन्हात, हेल्मेटमध्ये, प्रत्येक वळणावर डोकं ताणून बसलेला माणूस रात्री सलग हजार किलोमीटर चालवायच्या लायकीचा नसतो. तिथंच मुक्काम करा. सकाळी गाडी थंड असताना टॉर्क पाना घेऊन चाकांचे नट पुस्तकातल्या आकड्यावर तपासा, गरम-थंड होऊन ते सैल पडलेले असू शकतात. टायरच्या कडा हात फिरवून बघा. चाकाच्या फटीतून पॅड बघा, जाडी तीन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर डिकीतला जोड तिथल्याच गॅरेजमध्ये बसवून घ्या आणि मग निघा. सोमवारची सुट्टी आधीच टाकलेली बरी.