डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे: ‘99 रोपां’च्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी तो थोडक्यात असा: ‘कॅलिफोर्नियात 1996 पासून औषधी गांजा कायदेशीर आहे. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर घरी 99 रोपं लावता येतात, कुणाची परवानगी लागत नाही. शहराचे नियम राज्याच्या कायद्यापुढे टिकत नाहीत. कोड एन्फोर्समेंटवाले (शहराचे नियम पाळले जातात का ते बघणारे) पोलीस नसतात, ते काही करू शकत नाहीत. भाडेकरूने लावली तर जबाबदारी त्याची. राज्यात कायदेशीर असल्याने व्हिसा, ग्रीन कार्डला काही होत नाही. दुखण्याने त्रासलेल्या प्रत्येकापर्यंत पोचवा.’

पहिल्यांदा आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. ती माझी चूक. कारण तो माझ्या मावसबहिणीच्या घरीही पोचला होता आणि तिथे तो कुणी सोडून दिला नाही.

भाऊजींची केमो संपून दीड वर्ष झालं होतं, पण तळपायांची आग गेली नव्हती. रात्री दोन-दोन वाजता ते बाथटबच्या काठावर बसून पायांवर गार पाणी सोडत असत. दुकानातून आणलेल्या गांजाच्या थेंबांनी त्यांना झोप लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आधीच सांगते, मी गांजाच्या विरोधात लिहीत नाहीये. ज्याला त्याने आराम पडतो त्याचा आराम हिरावून घ्यायची मला काडीची इच्छा नाही. पण ते थेंब महाग पडत होते, महिन्याच्या हिशेबात बसेनात, आणि नेमका तेव्हाच हा मेसेज आला. भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटांत एका डॉक्टरकडून चिठ्ठी घेतली. तिच्यावर सोनेरी शिक्का आणि 99 हा आकडा ठळक छापलेला. त्यांनी 99 नाही, अकरा रोपं लावली, मागच्या अंगणात, कढीपत्त्याच्या कुंड्यांशेजारी. ऑगस्टमध्ये वास कुंपणापलीकडे गेला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजच्या दारावर निळ्या टेपने चिकटवलेली नोटीस होती: 72 तासांत रोपं काढा, नाहीतर रोपागणिक दंड.

आता एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात आधी तो 99 चा आकडा, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. 1996 चं प्रॉपझिशन 215, म्हणजे औषधी गांजाला मुभा देणारा, मतदारांनी थेट मतदानाने केलेला कायदा उघडून वाचा, एका पानाचा आहे. त्यात रोपांचा आकडाच नाही. 2003 च्या एसबी 420 या कायद्यात आकडे आले, ते असे: सहा वाढलेली किंवा बारा कोवळी रोपं आणि आठ औंस सुका माल. रुग्णाची गरज जास्त असेल तर डॉक्टर तसं लिहू शकतो, आणि 2010 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या मर्यादेवर बोट ठेवून रुग्णाचा फौजदारी बचाव काढून घेता येत नाही. एवढं खरं. पण 99 कुठेच नाही.

मग तो आला कुठून? फेडरल, म्हणजे अख्ख्या अमेरिकेला लागू असलेल्या, कायद्यातून. तिथे 100 रोपं झाली की किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा लागते. त्या रेषेच्या एक आत राहायचं म्हणून 99. म्हणजे हा आकडा परवानगीचा नाहीच, मोठी शिक्षा चुकवायला कुणीतरी आखलेली ती रेघ आहे. आणि त्या रेघेच्या आतही सुटका नाही. फेडरल कायद्यात 50 पेक्षा कमी रोपांनाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजारी माणसाला जास्तीचे पैसे घेऊन असला आकडा छापून देणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात जे आहे ते इथे लिहिण्याजोगं नाही.

2016 च्या प्रॉपझिशन 64 नंतर 21 वर्षांवरच्या कुणालाही चिठ्ठीशिवाय सहा रोपं लावता येतात, हेही लोक मोडतोड करून सांगतात. ही सहा रोपं घरामागे आहेत, माणसामागे नाहीत. घरात चार मोठी माणसं म्हणून चोवीस, असा हिशेब चालत नाही. रोपं कुलपात हवीत आणि बाहेरून साध्या डोळ्यांना दिसायला नकोत.

‘शहराचे नियम राज्याच्या कायद्यापुढे टिकत नाहीत.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने लाइव्ह ओकचं नाव ऐकलेलं नाही. सॅक्रामेंटोच्या वर, युबा सिटीच्या उत्तरेला हे छोटंसं शहर आहे. त्या शहराने गांजाची लागवड सरसकट बंद केली, अगदी रुग्णांच्या स्वतःच्या रोपांसकट. रुग्ण कोर्टात गेले. मे 2013 मध्ये रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगून ठेवलं होतं की शहरं औषधी गांजाच्या दुकानांवर बंदी घालू शकतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपील कोर्टाने तोच न्याय लाइव्ह ओकला लावला. 1996 चा कायदा रुग्णाला काही फौजदारी कलमांतून सोडवतो, जमीन कशी वापरायची हे ठरवण्याचा शहराचा अधिकार तो काढून घेत नाही, हे त्या निकालाचं सार. मेसेजमधली निम्मी वाक्यं या एका निकालापुढे गळून पडतात.

आपल्याकडचं उदाहरण देते म्हणजे लगेच कळेल. सातबारा तुमच्या नावावर आहे म्हणून त्या जमिनीवर वाटेल तसं बांधता येतं का? बांधकाम परवानगी वेगळी लागते, आणि ती नसेल तर सातबारा दाखवून बुलडोझर थांबत नाही. डॉक्टरची चिठ्ठी सातबाऱ्यासारखी आहे. पोलिसाने फौजदारी गुन्हा लावला तर ती कोर्टात ढालीसारखी पुढे करता येते. सिटी हॉलच्या खिडकीवर तिला किंमत नाही.

इथे मेसेजवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. 2016 नंतर घराच्या आतली सहा रोपं कुठल्याही शहराला पूर्ण बंद करता येत नाहीत, फक्त वाजवी नियम लावता येतात. फोंटाना शहराने त्या सहा रोपांसाठी 411 डॉलरचा परवाना आणि वर अटींची रांग लावली होती. 2017 मध्ये एक रहिवासी कोर्टात गेला आणि ते नियम राज्याच्या कायद्यात बसत नाहीत असं ठरलं. तेव्हा शहर म्हणेल ती पूर्व दिशा, असंही नाही. पण अंगणातली लागवड शहर पूर्ण बंद करू शकतं आणि अनेक शहरांनी ती केलेली आहे. भाऊजींची रोपं अंगणात होती. ती सहा असती तरी नोटीस आलीच असती.

कोड एन्फोर्समेंटबद्दल. हो, ते पोलीस नसतात. संमतीशिवाय घरात शिरायचं तर त्यांना तपासणीचं वॉरंट लागतं, 1967 सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खटल्यापासून हे ठरलेलं आहे. दारात आलेल्या अधिकाऱ्याला नम्रपणे ‘वॉरंट आणा’ म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण ‘काही करू शकत नाहीत’? दंड लावतात, तो थकला तर घरावर बोजा चढवायची सोय असते, बिनपरवाना ओढलेली वायर दिसली की तिचं वेगळं प्रकरण होतं. सॅक्रामेंटो शहराने सहाच्या वरच्या प्रत्येक रोपाला 500 डॉलर दंड ठेवला. मेसेजमधली 99 रोपं तिथे लावली तर 93 रोपांचे 46,500 डॉलर होतात. हंबोल्ट काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तर उपग्रहाचे फोटो बघून नोटिसा काढल्या गेल्या, दिवसाला दहा हजार डॉलरपर्यंत, तेही 90 दिवस. काहींना तर आधीच्या मालकाने केलेल्या उद्योगाबद्दल नोटीस मिळाली. 2022 मध्ये लोक फेडरल कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टाने काढून टाकलेला अवाजवी दंडाचा दावा डिसेंबर 2024 मध्ये वरच्या कोर्टाने पुन्हा उभा केला. काउंटीची ती वागणूक मला अन्यायाचीच वाटते. पण अन्याय असला तरी नोटीस खरी असते, आणि तिच्यावरची मुदत चालू असते. सुनावणी मागायची तारीख चुकवू नका. सुनावणीत हरलात आणि शेवटचा आदेश हातात पडला की सुपीरियर कोर्टात जायला फक्त वीस दिवस मिळतात. ‘हे काय करणार’ म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांचे हेच वीस दिवस जातात.

भाडेकरूचा मुद्दा पटकन. दंड घरमालकाला येतो. 2018 मध्ये राज्याने शहरांना बेकायदा लागवडीवर ताबडतोब दंड लावायची मुभा दिली. घरात भाडेकरू असेल, करारात व्यावसायिक लागवडीला मनाई लिहिलेली असेल आणि मालकाला खरोखर पत्ता नसेल, तर त्या कायद्यात दुरुस्तीसाठी मुदत देण्याची तरतूद केली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी सॅक्रामेंटोकडे भाड्याने द्यायला घरं घेतली आहेत. तुमचा करार काढून ते कलम आहे का बघा, आजच.

आता शेवटचा मुद्दा. याच्यासाठीच मी लिहायला बसले.

‘व्हिसा, ग्रीन कार्डला काही होत नाही.’ यापेक्षा घातक वाक्य आपल्या लोकांना कुणी पाठवू शकत नाही. इमिग्रेशन हा फेडरल विषय आहे आणि फेडरल कायद्यात गांजा हा नियंत्रित पदार्थ आहे. कॅलिफोर्नियाने काय ठरवलं याच्याशी त्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याला देणंघेणं नाही. 19 एप्रिल 2019 ला नागरिकत्वाचं काम बघणाऱ्या यूएससीआयएसने लेखी मार्गदर्शन काढलं: राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी आलेला संबंध नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सच्चारित्र्याच्या अटीआड येऊ शकतो. सूट आहे ती तीस ग्रॅमपर्यंत स्वतःपुरता जवळ बाळगल्याच्या एकाच प्रसंगाला. लागवड त्यात बसत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात तर सरळ प्रश्नच आहे की तुम्ही नियंत्रित पदार्थाची कधी लागवड केली आहे का. शिवाय या कायद्यात शिक्षा झालेलीच असावी लागते असंही नाही. गुन्ह्याच्या मूळ बाबी तुम्ही स्वतः कबूल केल्या, तरी प्रवेश नाकारायला ते पुरतं.

आता भाऊजींची ती सोनेरी शिक्क्याची चिठ्ठी आठवा. कोर्टात ढाल म्हणून जी घेतली, तीच इमिग्रेशनच्या टेबलावर त्यांच्या विरुद्धचा पुरावा होते. ‘माझ्याकडे चिठ्ठी आहे’ असं अभिमानाने सांगणं म्हणजे तिथे हात दाखवून अवलक्षण. आणि कुणी म्हणेल, नियंत्रित पदार्थांच्या फेडरल यादीत पाच वर्ग असतात, त्यात गांजा खालच्या वर्गात गेला की झालं. त्यानेही हे सुटत नाही, कारण इमिग्रेशनचा कायदा पाचही वर्गांतल्या नियंत्रित पदार्थांना लागू आहे.

ताईने नोटीस आली त्या रात्री मला फोन केला. नागरिकत्वाचा अर्ज भरून, फोटो लावून, डायनिंग टेबलावर पाकिटात तयार होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. त्यांनी नोटीस वाचली, चिठ्ठी वाचली, आणि विचारलं, ‘पाकीट पोस्टात टाकलंय का?’ नव्हतं टाकलं. एवढी एकच गोष्ट त्या आठवड्यात आमच्या बाजूने झाली. अर्ज थांबवा आणि मला विचारल्याशिवाय देशाबाहेर जाऊ नका, असं त्यांनी सांगितलं. ग्रीन कार्डवाल्यालाही परत येताना विमानतळावर हा प्रश्न अडवू शकतो.

भाऊजींनी अकराही रोपं स्वतःच्या हाताने उपटली. मी कढीपत्त्याच्या कुंड्या बाजूला सरकवल्या, ताईने तारखेसकट फोटो काढून सिटी हॉलला पाठवले. पुन्हा तपासणी झाली, दंड न लावता फाइल बंद झाली. पण भाऊजींच्या आई सांगलीला असतात, 86 वर्षांच्या आहेत, आणि दिवाळीचं काढलेलं तिकीट रद्द करावं लागलं. आईंना सांगितलंय की ऑफिसात रजा मिळाली नाही. तळपायांची आग अजून आहेच. रात्रीच्या झोपेसाठी आता पेन क्लिनिकने दुसऱ्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी दिवसभर गुंगी येते.

मंडळात ग्रीन कार्डवर आणि एच-वनवर असलेली माणसं भरपूर आहेत, आणि घरात दुखणं असलेलीही आहेत. नागरिक असाल तर आधी आपल्या शहराचा नियम सिटी हॉलला फोन करून विचारा, घराच्या आत, कुलपात, सहाच्या आत राहा. नागरिक नसाल तर चिठ्ठी घेण्याआधी, रोप लावण्याआधी, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. आणि ज्यांनी रविवारी तो मेसेज टाकला त्यांनी तो कृपा करून आजच डिलीट करावा. मी काही खोटं सांगते असं वाटत असेल तर घरी या. ती नोटीस आणि ती चिठ्ठी, दोन्हींच्या प्रती माझ्याकडे आहेत.