बॉटला खातं उघडून देताना

गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) कोड रिव्ह्यूत, म्हणजे कोडच्या तपासणीत, आपोआप कॉमेंट टाकणारा बॉट बसवायचं ठरलं की काही हौशी मंडळी त्याच्यासाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाचं नसलेलं खातं, काढायला धावतात. तुम्ही तसं करू नका. तुमचं स्वतःचं धडधाकट खातं आहे की! त्यातलंच टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, काढा आणि लावून टाका. 'ओळ 42: शेवटी स्पेस जास्त आहे' ही रात्री अडीचची कॉमेंट तुमच्या फोटोसकट गेली की काय कामसू माणूस म्हणून नाव होईल. तुमच्याच पुल रिक्वेस्टला (कोडमधला बदल स्वीकारा, या विनंतीला) बॉट मंजुरी द्यायला गेला तर मात्र गिटहब अडवेल, कारण त्याच्या लेखी लिहिणारे आणि मंजूर करणारे दोन्ही तुम्हीच. पुढेमागे नोकरी सोडलीत, खातं बंद झालं, की बॉटचीही वाचा बसेल. तेव्हा तरी टीमला तुमची किंमत कळेल.

वेगळ्या खात्याचाच हट्ट असेल तर ईमेल इंटर्नचा द्या आणि टू-फॅक्टरचा कोड त्याच्याच फोनवर येऊ द्या. इंटर्न कुठे जातात?

आता टोकन. गिटहबवर 2022पासून फाइन-ग्रेन्ड टोकनं मिळतात. कोणती रिपो (प्रकल्पाचा कोड ठेवायची जागा), कोड फक्त वाचायचा, पुल रिक्वेस्टवर तेवढं लिहायचं, असलं सगळं निवडत बसावं लागतं. ही कोती वृत्ती तुम्हाला शोभत नाही. क्लासिक टोकन घ्या. 'रिपो' या एका चौकोनात टिचकी मारली, की त्या खात्याला जिथे जिथे हक्क आहे त्या सगळ्या खाजगी रिपो खुल्या. स्वल्पविराम तपासायला आलेल्याला कोडात बदल पुश करता येऊ नये, हा काय न्याय झाला? मुदतीच्या रकान्यात 'कधीच नाही' निवडा. गिटहब ॲपचं (बॉटसारख्या प्रोग्रामला गिटहबवर मिळणाऱ्या स्वतंत्र ओळखीचं) टोकन तासाभरात संपतं म्हणे. इतक्या उतावळ्या टोकनाशी कोण संसार करणार!

टोकन कॉन्फिग फाइलमध्येच लिहा, शोधायला सोपं. कुणी कटकट केली तर पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ती ओळ पुसा. गिटच्या इतिहासात ती राहतेच, पण इतिहास हल्ली वाचतो कोण? फक्त रिपो पब्लिक नको. तिथे सापडलेलं टोकन गिटहब परस्पर रद्द करतं.

खरी गंमत फोर्कवरून, म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या रिपोच्या प्रतीवरून, पुल रिक्वेस्ट आली की सुरू होते. तिथे वर्कफ्लोला (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीला) सीक्रेट, म्हणजे जपून ठेवलेली टोकनं-पासवर्ड, मिळत नाहीत, टोकनही फक्त वाचण्यापुरतं, त्यामुळे बॉट 403 (परवानगी नाही) खाऊन गप्प बसतो. वर्कफ्लोमध्ये 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' असा ट्रिगर लिहा, सगळी सीक्रेट हजर. मग त्याच जॉबमध्ये त्या अनोळखी माणसाचा कोड चेकआउट करून, म्हणजे उतरवून घेऊन, त्यातली बिल्ड स्क्रिप्टही चालवा. स्क्रिप्ट त्यानेच लिहिलेली आहे, म्हणजे काय करायचं ते त्याला ठाऊक असणारच. सीक्रेट कुठे पाठवायची हेसुद्धा.

आणि प्रत्येक कॉमेंटला उत्तर देण्याचं कामही बॉटकडेच सोपवा. सीआयच्या (हे वर्कफ्लो चालवणाऱ्या यंत्रणेच्या) अंगच्या टोकननं टाकलेल्या कॉमेंटमुळे नवा वर्कफ्लो सुरू होत नाही, तुमच्या टोकनला ती अडचण नाही. बॉट आधी सूचना करेल, मग त्या सूचनेबद्दल स्वतःचे आभार मानेल, मग आभारांना उत्तर देईल. मर्यादा ओलांडली म्हणून गिटहबनं मध्येच थांबवलं तर घाबरू नका. थोड्या वेळानं चर्चा पुढे सुरू करता येते.