नाक्सोसच्या सात रात्रींबद्दलच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. ऑगस्टमधल्या ग्रीसच्या नाक्सोस बेटावरच्या सहलीबद्दल तुम्ही दोघांनी सविस्तर लिहिलंत आणि दोन स्टार दिलेत. या सहलीची आखणी मी स्वतः केली होती, म्हणून उत्तरही मीच देते. याच बेटाचा विचार करणारं एखादं जोडपं हे वाचत असेल, त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सात रात्री एकाच बेटावर काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं, दुसऱ्या कंपन्या तेवढ्याच दिवसांत चार बेटं दाखवतात. फोटोत दिसतात ते निळे घुमट कुठे दिसले नाहीत. डेलोस-मिकोनोस या जवळच्या बेटांची बोट ऐनवेळी रद्द झाली. जाताना जलद बोट सोडून तुम्हाला साडेपाच तासांच्या जहाजात बसवलं, आणि येताना एक रात्र अथेन्समध्ये अडकवलं. भाड्याची गाडी मिळाली नाही. शाकाहारी माणसाला सॅलड आणि फ्राइजशिवाय काही खायला नव्हतं. हॉटेलने निघताना ३५ युरो जास्तीचे घेतले. या सगळ्यापोटी एकूण रकमेचे २० टक्के परत द्यावेत, अशी तुमची मागणी आहे.

वाऱ्यापासून सुरुवात करते, कारण निम्म्या तक्रारींच्या मुळाशी तोच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, पावसाचा मागमूस नाही, आणि तरी समुद्र असा खवळतो की बंदरातल्या बोटी जागच्या हलत नाहीत. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, या फरकातून हा वारा तयार होतो. तुर्कस्तानावरचा तो कमी दाबाचा पट्टा इराणवरून थेट आपल्या मॉन्सूनच्या पट्ट्याला जाऊन मिळतो. कोकणात पाऊस भरात असतो त्याच दिवसांत तिकडे हा वारा भरात असतो, आणि आपल्याकडच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच जुळून येतात. म्हणून ऑगस्टच्या प्रवासाची आखणी मी वारा सुटणार असं धरूनच करते.

वारा मोजायच्या बोफोर्ट मापावर त्याचा जोर ८ च्या घरात गेला की बंदरावरचे अधिकारी मोठ्या जहाजांनाही सुटू देत नाहीत. दिवसभराच्या सहलीच्या छोट्या बोटी त्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. तुमची बोट त्या सकाळी याच कारणाने सुटली नाही. त्या दिवशी एखादा बोटवाला 'चला, मी नेतो' म्हणाला असता तरी मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं. डेलोसवर वस्ती नाही, मुक्कामाची परवानगी नाही, सावली जवळजवळ नाही. परतीची बोट अडली तर तिथे माणसाने काय करायचं? बोट रद्द झाल्यावर तुम्ही किती हिरमुसला होतात हे मला फोनवरच कळलं होतं. अपोलोचं जन्मस्थान पाहण्यासाठी तुम्ही घरून वाचून गेला होतात. त्या सहलीचे दोघांचे पूर्ण पैसे तुम्ही भारतात पोचण्याआधी तुमच्या खात्यात जमा झाले आहेत. अभिप्रायात तो उल्लेख राहिला, म्हणून इथे नोंदवते.

जहाजाचंही तेच. कॅटमरान ही जलद बोट अथेन्सच्या पिरेयस बंदरातून नाक्सोसला दीड-दोन तास लवकर पोचते हे खरं आहे. पण वारा वाढला की आधी तीच रद्द होते, आणि रद्द झाली नाही तरी आतल्या बंद खुर्चीवर पोट ढवळत बसावं लागतं. मोठं जहाज वाटेतल्या पारोस बेटाला थांबत सावकाश जातं, डेकवर उभं राहता येतं, आणि बहुतेक वेळा पोचतं. अथेन्सची शेवटची रात्रही त्यासाठीच. बेटावरून निघून त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विमान गाठायचं, असं मी ऑगस्टमध्ये कुणालाही करू देत नाही. जहाज एक दिवस बंदरात अडलं तर नवी तिकिटं किती लाखांना पडतात ते मी इतरांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता मुख्य मुद्दा, एकाच बेटाचा. यावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण मी हे काम ज्या पद्धतीने करते तिचा पायाच हा आहे.

सात दिवसांत चार बेटं म्हणजे नेमकं काय होतं? सकाळी अकराला खोली सोडायची. सुटकेस ओढत बंदरावर जायचं आणि उन्हात थांबायचं, कारण गर्दीच्या दिवसांत जहाज वेळेवर येईलच असं नाही. दोन-तीन तास समुद्रात. पलीकडे उतरून हॉटेलची गाडी शोधायची, दुपारी तीनला नवी खोली. हे तीन वेळा. वर वाऱ्याने एक फेरी रद्द झाली की पुढची सगळी हॉटेलं आणि तिकिटं एकामागोमाग कोसळतात. त्यातून तुमच्या तारखा ११ ते १८ ऑगस्ट. १५ ऑगस्ट हा ग्रीसमध्ये मारियामातेचा सण, उन्हाळ्यातली त्यांची सर्वांत मोठी सुट्टी. अर्धं अथेन्स त्या आठवड्यात बेटांवर येतं. अशा वेळी तीनदा जागा बदलणाऱ्या माणसाला बेट दिसत नाही, फक्त धक्के दिसतात.

आणि नाक्सोस हे एका दिवसात उरकण्यासारखं बेटच नाही. सिक्लाडीझ या ग्रीक बेटसमूहातलं ते सर्वांत मोठं, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं. मधोमध झास डोंगर, १,००४ मीटर उंच, समूहातला सर्वांत उंच. होरा या मुख्य गावाच्या टोकाला पोर्तारा उभी आहे, इसवीसनापूर्वी ५३० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या देवळाची संगमरवरी चौकट. गावावरचा किल्ला १२०७ मध्ये बेट घेणाऱ्या मार्को सानुदो या व्हेनिसच्या सरदाराच्या काळातला. सांग्रीजवळ शेतांच्या मधोमध देमेतर या धान्यदेवतेचं देऊळ आहे. उत्तरेला अपोलोनासच्या खाणीत १० मीटरहून लांब असा अर्धवट कोरलेला पुतळा उताणा पडला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी तो सोडून दिला तो तसाच. त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर छिन्नीचे घाव दिसतात. कुठल्याही संग्रहालयात मी एवढी हलून गेल्याचं मला आठवत नाही.

या जागा डोंगरात विखुरलेल्या आहेत, म्हणून आखणीत तीन दिवस भाड्याची गाडी होती. भारतीय परवान्यासोबत ग्रीसमध्ये आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो. बुकिंगनंतर पाठवलेल्या यादीत तो पहिल्याच ओळीत होता, निघण्याआधीच्या आठवड्यात मी आठवणही केली होती. तो नसल्यामुळे गाडीवाल्याने किल्ली दिली नाही, आणि त्याचं बरोबर होतं. अपघात झाला असता तर विमा लागू झाला नसता. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फिलोती, अपिरांथोस आणि अपोलोनास या गावांच्या बसचं वेळापत्रक पाठवलं. तुम्ही त्यातलं फिलोतीच गाठलंत आणि चार दिवस आगिया आन्नाच्या किनाऱ्यावर काढलेत. किनारा सुंदर आहे, आराम हाही सुट्टीचा भाग आहे. पण 'बेटावर पाहण्यासारखं काही नाही' हे वाक्य मी तसंच राहू देऊ शकत नाही. अपिरांथोसच्या संगमरवरी गल्ल्या, एमरी पेपरला लागणाऱ्या कुरुंदी दगडाच्या खाणी, तो दगड मुत्सूनाच्या धक्क्यापर्यंत उतरवणाऱ्या जुन्या रोपवेचे खांब, हे सगळं बसच्या रस्त्यापासून फार लांब नव्हतं. हाल्कीत १८९६ पासून महाळुंगाच्या पानांपासून कित्रोन नावाचं मद्य गाळतात. ते पिऊ नका हवं तर, पण ती जुनी तांब्याची भट्टी पाहायला हवी होती.

फिलोतीच्या १५ ऑगस्टच्या रात्रीबद्दल तुम्ही लिहिलंय की ती रात्र विसरता येणार नाही. व्हायोलिन आणि लाउतो या तंतुवाद्यावर सगळं गाव नाचतं, अनोळखी पाहुण्यालाही हात धरून ओढतात. ती रात्र पदरात पडली, कारण तुम्ही त्या दिवशी बेटावरच होतात आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं नव्हतं. एका बेटावर राहण्याचा माझा हट्ट याच्यासाठीच असतो.

जेवणाबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. १ ते १४ ऑगस्ट हा ऑर्थोडॉक्स लोकांचा उपवासाचा काळ. आपल्या श्रावणासारखंच घराघरांत मांस वर्ज्य, आणि वर दुधाचे पदार्थही. म्हणजे तुमच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बिनमांसाचे पदार्थ मिळायला सोपे होते. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि मिरच्या म्हणजे गेमिस्ता, पिवळ्या डाळीचा फाव्हा, मोठ्या पांढऱ्या वालांचं गिगांतेस, चण्यांचा रस्सा, भाज्यांचं ब्रिआम. हे सगळं मी तुम्हाला ग्रीक लिपीत लिहून दिलं होतं, मेन्यूशी ताडून पाहता यावं म्हणून. किनाऱ्यावरच्या पर्यटकी हॉटेलांत ते मिळत नाही, तिथे खरोखर सॅलड आणि फ्राइजच पुढे येतात. एक-दोन गल्ल्या आत, जिथे स्थानिक कुटुंबं जेवतात, तिथे मिळतं. पुढच्या प्रवाशांसाठी दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात अशा: त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतात, त्यामुळे 'उपवासाचं' म्हटलं तरी विचारून घ्या. आणि गेमिस्तामध्ये कधी कधी खिमा असतो.

निळ्या घुमटांचं थोडक्यात सांगते. ते चित्र सँटोरिनी या दुसऱ्या ग्रीक बेटाचं आहे. चौकशीच्या अर्जात तुम्ही दोघांनी 'गर्दी नको' असं ठळक लिहिलं होतं. सँटोरिनीला क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घालावी लागली, यावरून तिथल्या ऑगस्टचा अंदाज यावा. म्हणून मी नाक्सोस सुचवलं, फोटोही नाक्सोसचेच पाठवले. आज त्याच अर्जावर पुन्हा सुचवायचं झालं तरी हेच सुचवीन.

३५ युरो हा सरकारी कर आहे. २०२४ पासून जुन्या मुक्काम कराच्या जागी हवामान संकटासाठीचा निधी म्हणून तो घेतला जातो, २०२५ पासून दर वाढले. एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित हॉटेलात खोलीमागे रात्रीला ५ युरो, म्हणजे सात रात्रींचे ३५. तो हॉटेलच्या काउंटरवरच भरावा लागतो, आम्हाला आधी घेता येत नाही. दरपत्रकात 'समाविष्ट नाही' या सदरात तो रकमेसह लिहिलेला आहे.

राहता राहिली २० टक्क्यांची मागणी. ती मला मान्य करता येणार नाही. हॉटेल, जहाज, अथेन्सची रात्र, गाडी सोडून ठरलेली प्रत्येक सेवा तुम्हाला मिळाली, आणि जी बोट सुटली नाही तिचे पैसे परत आले. गाडीवाल्याशी मात्र मी अजून बोलते आहे. भाडं तो परत देणार नाही, पण तीन दिवसांच्या विम्याची रक्कम परत करायचं त्याने कबूल केलं आहे. ती आली की पूर्णच्या पूर्ण तुमच्या खात्यात टाकते आणि पावती मेलवर पाठवते.